ब्लड पायथन बिथरलाय, फुसफुसतो, अंगावर येतो: काय काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

हे त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांच्या घरी ब्लड पायथन, म्हणजे आखूड जाडजूड अजगर, आहे आणि आजकाल टँक (त्याची काचेची पेटी) उघडायचीच भीती वाटायला लागलीये. मी शिकागोच्या बाजूला राहतो, स्वतः ब्लड पायथन पाळतो, आणि इथल्या साप पाळणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून ही एकच तक्रार माझ्याकडे सारखी येते, "दादा, आधी किती गरीब होता हो, आता नुसता हात दिसला तरी अंगावर येतो." मी जातो, बघतो, आणि जवळपास दर वेळी साप ठणठणीत असतो, त्याच्या आजूबाजूचं काहीतरी बिघडलेलं असतं. तेव्हा आधी टँक आणि स्वतःचे हात तपासा, मग सापाच्या स्वभावाला नावं ठेवा.

लक्षणं, आणि ती कशी वाचायची

सगळ्यात कॉमन म्हणजे आवाज. ब्लड पायथनचं फुसफुसणं साध्या सापासारखं बारीक नसतं, लोहाराच्या भात्यासारखं असतं, अख्खं अंग फुगतं आणि सुस्कारा पलीकडच्या खोलीत ऐकू जातो. नवीन माणूस तिथेच घाबरतो. पण नुसता आवाज म्हणजे हल्ला नाही, "लांब राहा" एवढंच तो सांगतोय, आणि कितीतरी ब्लड पायथन आयुष्यभर फुसफुसतात आणि एकदाही चावत नाहीत.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे मान एस आकारात मागे ओढून घेणं, उचलल्यावर अंगाला जोरात झटके देणं, अंगावर शी करणं किंवा घाण वास सोडणं, आणि मग तोंड मारणं. बऱ्याचदा तोंड मिटलेलंच असतं, नुसता धक्का देऊन मागे जातो. याशिवाय रात्रभर काचेला नाक घासत फिरणं, दिवसरात्र पाण्याच्या भांड्यात बसून राहणं, हेही याच यादीत धरा, लोक ते वेगळं समजतात पण कारण बहुतेक तेच निघतं.

आता एक फरक नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घाबरलेला साप आणि भुकेला साप हे दोन वेगळे प्रकार आहेत. घाबरलेला असला की डोकं मागे जातं, अंग गोळा होतं, आवाज येतो, चावला तर लगेच सोडतो. भुकेला असला की एकदम शांत, आवाज शून्य, जीभ लपलपत डोकं तुमच्या हाताच्या दिशेने पुढे येतं, आणि पकडलं की सोडत नाही, विळखा घालतो. या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात, त्याला तुमचा हात म्हणजे एक गरम वस्तू दिसते, त्यात हाताला उंदराचा वास असला तर मग संपलंच. घाबरलेल्यावर उपाय करायचा तो भुकेल्यावर करून उपयोग नाही, त्यामुळे आठवडाभर नुसतं लांबून बघा तुमचा कुठला आहे.

तोंड उघडं टाकून श्वास, नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ, मान सारखी वर आकाशाकडे वळणं, पोटावर भाजल्याचे डाग, यातलं काहीही दिसलं तर मधलं सगळं सोडा आणि थेट खालच्या "इथे थांबायचं" या भागाकडे जा.

आधी हा साप कुठून आला ते विचारा

याला पैसे लागत नाहीत. ब्लड पायथन मूळचा मलाय द्वीपकल्प आणि पूर्व सुमात्रातला, पायथन ब्राँगर्समाय. त्याचे जवळचे भाऊबंद म्हणजे सुमात्राच्या पश्चिमेकडचा काळपट पायथन कर्टस आणि बोर्निओचा पायथन ब्रायटनस्टायनी, पूर्वी तिघांना एकच जात धरायचे, आता वेगळ्या मानतात. हे भातखाचरं, दलदल, पामतेलाचे मळे अशा ठिकाणी पाचोळ्यात दबून बसणारे प्राणी, लांबी चार-साडेचार फूट आणि वजन सहा-सात किलो, म्हणजे पळून जाणं यांना जमत नाही. पळता येत नाही म्हणून आवाज करायचा आणि तोंड मारायचं, ही त्यांची जगण्याची पद्धत आहे.

यांचं नाव खराब झालं ते जंगलातून पकडून आणलेल्या मोठ्या सापांमुळे. प्रवासात पिचलेले, अंगात जंत, माणसाचा हात म्हणजे मृत्यू हेच माहीत असलेले. आज इथे ब्रीडरकडे जन्मलेली पिल्लं मिळतात आणि ती रोजच्या सवयीने खरंच शांत होतात. पण ज्याने विकला त्यालाच माहीत नसेल पिल्लू कुठे जन्मलं, किंवा साप मोठाच असताना स्वस्तात आला असेल, तर तो जंगलातला असू शकतो, आणि मग त्याच्याकडून अपेक्षाही तशाच ठेवायला हव्यात. पिल्लांचं वेगळं, ती सगळीच थोडी चावरी असतात, सगळ्या जगाला ती खायची वस्तू वाटतात, वाढली की बरीच निवळतात.

चेक १: कॅलेंडर

शेवटचं कधी खाल्लं, कात कधी टाकली, घरी कधी आला, या तीन तारखा लिहून काढा. नवीन आणला असेल तर दोन आठवडे हात लावायचा नाही, पाणी बदला आणि बाजूला व्हा, पाहुणे आले म्हणून काढून दाखवायचं तर अजिबात नाही. खाल्ल्यानंतर किमान दोन दिवस, मोठा उंदीर असेल तर तीन दिवस हात नाही, कारण भरल्या पोटी त्रास दिला तर तो ओकतो आणि ओकणं सापाला फार महागात पडतं. डोळे निळसर दुधाळ झाले असतील तर कात यायचीये, त्याला नीट दिसत नाहीये, मग तो आवाजाच्या दिशेला तोंड मारणारच. आठ-दहा दिवस थांबा.

शी करत नाही म्हणून घाबरलेले फोनही येतात. ही जात तीन-चार आठवडे, कधीकधी त्याहून जास्त अडवून धरते, खात असेल आणि पोट मऊ असेल तर काळजी नको.

चेक २: तुम्ही उचलता कसं

हाही फुकट, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. वरून हात आला की सापाच्या दृष्टीने ती घार आहे. लोक घाबरत घाबरत हात पुढे करतात, मागे घेतात, परत पुढे करतात, आणि प्रत्येक वेळी तो जास्त बिथरतो. त्यापेक्षा आधी हुकने (टोकाला आकडा असलेली साप उचलायची काठी) किंवा पुठ्ठ्याच्या नळीने अंगाच्या मध्यावर हळूच एकदोनदा टेका. त्याला कळतं की हे जेवण नाही. भुकेल्या सापासाठी तर हा एवढाच उपाय पुष्कळ दिवस पुरतो. मग बाजूने, जमिनीलगत, दोन्ही हात अंगाखाली सरकवायचे आणि न थांबता उचलायचं.

वजन पूर्ण पेलायचं. हा साप बॉल पायथनसारखा (लोक सर्रास पाळतात तो लहान अजगर) तुमच्या मनगटाला वेटोळं घालत नाही, त्याला पडायची भीती वाटते, आणि अर्धं अंग हवेत लटकत राहिलं की झटके सुरू. मांडीवर किंवा हातावर त्याला पसरू द्या. मान दाबून धरायची नाही, कधीच नाही. सुरुवातीला पाच मिनिटं पुरेत, आणि ठेवताना तो फुसफुसत असताना ठेवू नका, श्वास संथ झाला की ठेवा, नाहीतर आवाज केला की सुटका होते हे तो शिकतो.

हात धुवा, आधी पण आणि नंतर पण. आधी उंदराचा, कुत्र्यामांजराचा वास जावा म्हणून, आणि नंतर साल्मोनेलासाठी, म्हणजे सापाच्या अंगावरून येणाऱ्या पोट बिघडवणाऱ्या जंतूंसाठी. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याच्या हातात साप देऊच नका.

चेक ३: लपायला जागा आहे का

टँक मोठा आणि मोकळा, सुंदर दिसतो, मध्ये एक लाकडाचा ओंडका. सापाला तिथे पाठ टेकायला जागाच नाही. हाईड, म्हणजे लपायचं खोकं, घट्ट पाहिजे, आत बसल्यावर अंग दोन्ही बाजूंना टेकलं पाहिजे, आणि गरम बाजूला एक, थंड बाजूला एक अशा दोन पाहिजेत, नाहीतर ऊब हवी तर उघड्यावर बस आणि लपायचं तर गारठ्यात बस अशी त्याची पंचाईत होते. विकत आणायच्या आधी पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालून एक भोक पाडा आणि आठवडाभर बघा, पुष्कळ साप तेवढ्यावर शांत होतात. टँकच्या तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा. टीव्हीच्या वूफरशेजारी, येण्याजाण्याच्या वाटेवर, कुत्रं काचेला नाक लावतं अशा ठिकाणी टँक असेल तर हलवा. सापाला जमिनीची थरथर अंगाने कळते.

चेक ४: तापमान. इथे घाई करू नका

मला एकच गोष्ट सांगायची परवानगी दिली तर मी ही सांगेन. बहुतेक लोकांनी आधी बॉल पायथन पाळलेला असतो, आणि तेच सेटिंग इथे लावतात, गरम बाजू नव्वद-ब्याण्णव फॅरनहाइट. ब्लड पायथनला ते सोसत नाही. तो सावलीतल्या ओल्या पाचोळ्यातला प्राणी आहे, त्याला टँकची हवा ७८ ते ८२ फॅरनहाइट हवी, म्हणजे साधारण २६ ते २८ सेल्सियस, आणि गरम बाजू ८४ ते ८६, फार तर ८८. त्याच्या वर गेलं की आधी तो पाण्यात जाऊन बसतो, मग येरझारा घालतो, मग चिडतो, आणि आपण म्हणतो स्वभाव बिघडला.

कशाने मोजता ते बघा. काचेला चिकटवायचे काट्याचे थर्मामीटर काढून टाका, ते काचेचं तापमान दाखवतात आणि तेही धड नाही. डिजिटल प्रोबवाले (वायरच्या टोकाला सेन्सर असलेले) दोन घ्या, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, सापाच्या उंचीवर म्हणजे तळाशी. सोबत एक टेंपरेचर गन असली तर उत्तम, तिने जमिनीचा पृष्ठभाग मोजता येतो, आणि ही सगळी खरेदी व्हेटच्या (प्राण्यांच्या डॉक्टरच्या) एका व्हिजिटपेक्षा स्वस्त पडते.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं यंत्र. शिकागोजवळच्या नेपरव्हिलला एका मराठी घरी गेलो होतो, मुलगा कॉलेजला गेलेला आणि त्याची ब्लड पायथन मादी आईबाबांकडे राहिलेली, हे इथे फार घरांत होतं. काकू अगदी जीव लावून तिचं करत होत्या, पाणी रोज, शी लगेच साफ, आणि तरी मला म्हणाल्या, "अहो, ती माझ्यावरच रागावलीये, मुलगा नाही म्हणून." टँकखाली हात घातला तर हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई) चटका बसेल इतकी तापलेली. थर्मोस्टॅटच्या प्रोबची टेप ओलीने सुटली होती आणि प्रोब टँकच्या मागे लोंबकळत होता, तो खोलीतली बाहत्तर फॅरनहाइट हवा मोजत होता, त्यामुळे थर्मोस्टॅटला वाटत होतं अजून गार आहे आणि तो मॅटला करंट देतच राहिला. डिस्प्लेवर खोलीचाच आकडा दिसत होता, मॅटचा नाही. प्रोब परत मॅट आणि काचेच्या मध्ये बसवला, वरून पक्की ॲल्युमिनियम टेप, तापमान एका संध्याकाळीत खाली आलं. काकूंचा पुढच्या आठवड्यात फोन, हाईडमध्ये शांत बसलीये.

म्हणून प्रोब डोळ्यांनी बघा, हाताने हलवून बघा, महिन्यातून एकदा तरी. आणि थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट किंवा पॅनेल चालवत असाल तर ते आजच बंद करा, खोली गरम ठेवा, थर्मोस्टॅट येईपर्यंत तेच सुरक्षित आहे. जास्त तापलेली मॅट सापडली असेल तर सापाचं पोट बघाच. साप भाजत असताना उठून जात नाही, त्यामुळे तपकिरी किंवा गुलाबी डाग, फोड, सोललेले खवले दिसू शकतात, आणि तसं पोट दुखत असेल तर तो हात लावू देणार नाही हे उघड आहे.

चेक ५: दमटपणा

साठ ते सत्तर टक्के. शिकागोच्या हिवाळ्यात फर्नेस (घर गरम करायची भट्टी) चालू झाला की घरातली हवा इतकी कोरडी होते की वरची जाळी उघडी असलेल्या टँकमध्ये हे टिकतच नाही, आणि बघा, या तक्रारी डिसेंबर ते मार्चमध्ये वाढतात. कात तुकड्यातुकड्यांत निघाली, डोळ्यांवर जुन्या कातीचं झाकण राहिलं, की नीट दिसत नाही, अंग खाजतं, साप चिडचिडा होतो. जाळीचा बराचसा भाग झाका, पाण्याचं भांडं मोठं ठेवा, नारळाचा भुसा किंवा सायप्रस मल्च (सायप्रस झाडाच्या लाकडाचा चुरा) जाडसर घाला आणि खालचा थर ओला, वरचा कोरडा राहील असं पाणी कोपऱ्यातून ओता. सगळाच तळ चिंब आणि त्यात टँक गार, असं झालं तर पोटाचे खवले कुजतात आणि छातीत इन्फेक्शन होतं. डोळ्यावरचं झाकण नखाने किंवा चिमट्याने ओढू नका, डोळा जातो. दमटपणा वाढवून पुढच्या कातीची वाट बघा, तेव्हाही नाही निघालं तर डॉक्टर.

चेक ६: खाणं

टँक फक्त जेवण द्यायलाच उघडत असाल तर उघडला म्हणजे जेवण, हे समीकरण तुम्हीच शिकवलंय. मधल्या दिवसांत पाणी बदलायला, साफसफाईला, नुसतं हुकने टेकायला उघडा. दुसऱ्या डब्यात नेऊन भरवायचा सल्ला अजून फिरतो, तो सोडून द्या, भुकेल्या सापाला उचलायचं आणि भरल्या पोटी परत उचलायचं, यात दोन्ही वेळा चावा खायची सोय होते. गोठवलेला उंदीर नीट वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने द्या.

प्रमाणाचं म्हणाल तर मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर पुष्कळ झाला. यांचं पचन संथ असतं आणि "अजून मागतोय" म्हणून दर आठवड्याला घातलं की नुसती चरबी चढते. सतत मागणं हा या सापाचा धर्मच आहे, दिसलं की गिळायचं, त्याच्यावर जाऊ नका.

चेक ७: माइट्स (अंगावरचे बारीक किडे)

सापाला पांढऱ्या टिश्यूवर ठेवा आणि ओल्या टिश्यूने अंग पुसा, हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला, शेपटीजवळच्या फटीत. सरकणारे बारीक काळे ठिपके दिसले, किंवा पाण्याच्या भांड्याच्या तळाशी बुडलेले दिसले, तर साप पाण्यात का बसून राहतो त्याचं उत्तर मिळालं. हे रक्त पितात आणि एका सापावरून दुसऱ्यावर रोग नेतात. बाकी साप लगेच वेगळे करा, टँकमधलं लाकूड-भुसा सगळं बाहेर, तळाला साधा कागद. औषध मात्र डॉक्टरला विचारूनच, कुत्र्यामांजरांच्या पिसवांचे स्प्रे चुकीच्या प्रमाणात मारले तर साप मरतात.

इथे थांबायचं

तोंड उघडं ठेवून श्वास, घरघर, बुडबुडे, चिकट लाळ. मान वर वळलेली किंवा उलटा केला तर सरळ होता न येणं. वारंवार ओकणं. वजन उतरत जाणं. भाजलेलं पोट. माइट्स गेले तरी साप मलूल. यातलं एकही असेल तर तापमान-बिपमान बघत बसू नका, सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा. छातीच्या इन्फेक्शनला कुठलं अँटिबायोटिक लागेल हे स्वॅब घेतल्याशिवाय सांगता येत नाही आणि ते बहुतेक वेळा इंजेक्शनने द्यावं लागतं, शिवाय अजगरांमध्ये निडोव्हायरससुद्धा अगदी तशीच लक्षणं देतो आणि त्याची टेस्ट वेगळी असते. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, आधी फोन करून विचारा, किंवा असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्सच्या वेबसाइटवर जवळचा डॉक्टर शोधता येतो.

चावलाच तर हा साप विषारी नाही. पण दात मागे वळलेले असतात, हात हिसकला की चिरतो आणि दात आत तुटतात, तेव्हा धीर धरा, सोडत नसेल तर तोंडावर गार पाणी ओता. जखम साबणाने खळाळून धुवा. खोल असेल, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर असेल, लाली पसरत असेल, टिटॅनसचं इंजेक्शन होऊन बरीच वर्षं झाली असतील, तर माणसांच्या डॉक्टरकडे जा.

आणि सगळे चेक नीट झाले, व्हेटने साप तब्येतीने चांगला आहे सांगितलं, दोन-तीन महिने गेले आणि तरी तो तसाच आहे, असंही होतं, जंगलातून आलेल्यांत जास्त. मग त्याला हाताळायचा हट्ट सोडा. काचेतून बघा, सफाईच्या वेळी हुक आणि झाकणवाला डबा वापरा, तो सुखात जगेल. तुम्हाला ते जमणार नसेल तर अनुभवी माणसाला किंवा रेप्टाइल रेस्क्यूला द्या. बाहेर सोडायचा विचारही मनात आणू नका. शिकागोच्या थंडीत तो मरेल, आणि फ्लोरिडासारख्या उबदार जागी सोडलेल्या बर्मीज पायथन या मोठ्या अजगरांनी एव्हरग्लेड्स या तिथल्या दलदलीतले प्राणी कसे फस्त केले ते सगळ्यांना माहीत आहे.

पुण्या-मुंबईहून, नाशिकहून विचारतात त्यांच्यासाठी दोन ओळी. आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तो घरी ठेवणं गुन्हा आहे, मग तो कितीही गरीब असू दे. ब्लड पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची वनखात्याकडे नोंदणी सक्तीची आहे, कागदपत्रं नसलेला साप कोणी देत असेल तर घेऊ नका. घराशेजारी अजगर निघाला तर हात न लावता महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ वर फोन करा.

व्हेटकडे न्यायचं ठरलं की साप उशीच्या अभ्र्यात घालून तोंडाला गाठ मारा आणि तो अभ्रा झाकणाला भोकं असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. हिवाळ्यात आधी गाडी गरम करून घ्या, हीट पॅक वापरलात तर तो डब्याच्या बाहेर, कापडात गुंडाळून, सापाच्या अंगाला लागता कामा नये. जाताना सोबत खाण्याच्या आणि कातीच्या तारखांचा कागद, टँकच्या दोन्ही बाजूंचं तापमान, आणि श्वासाचा आवाज येतोय असा फोनवरचा छोटा व्हिडिओ ठेवा, डॉक्टरच्या टेबलावर गेल्यावर साप नेमका तो आवाज काढत नाही.